अर्जाचा मायना

माणसाला चार अक्षरे बरी काढता येऊ लागली की काही कामे त्याच्या मागे आपोआप लागतात. आलेली लग्नपत्रिका वाचून मुहूर्त सांगणे हे एक, सातबाऱ्यावरचे बारीक अक्षर लावून देणे हे दुसरे, आणि अर्ज लिहून देणे हे तिसरे. जिल्हा परिषदेच्या शाळांत मी तेहेतीस वर्षे काढली. बरीचशी शहापूर तालुक्यात, आणि मधली सात मुरबाडकडे, म्हशाच्या बाजूला. एवढ्या वर्षांत मुलांना मी काय शिकवले ते मुलांनाच ठाऊक. अर्ज मात्र शेकड्यांनी लिहिले. एस.टी.चा थांबा मिळावा म्हणून, पाड्यावर बोअरिंग व्हावी म्हणून, शिधापत्रिकेवरचे मेलेले नाव कमी व्हावे म्हणून आणि जन्मलेले चढावे म्हणून. परंतु खरा हात बसला तो रजेच्या अर्जावर.

रजेच्या अर्जासारखे अदबशीर गद्य मराठीत दुसरे नसेल. अंगात ताप आहे, तोंडाची चव गेली आहे, उठून पाणी घ्यायची ताकद नाही. आणि तरी तो मनुष्य ‘उपरोक्त विषयास अनुसरून विनंतीपूर्वक अर्ज करितो की’ असे म्हणून बोलायला लागतो. सगळा आजार मधल्या एका ओळीत उरकायचा. बाकी वर महोदय, खाली आपला विश्वासू. पुन्हा रजेच्या जाती पाहाव्यात तर एखाद्या पंचांगाला लाजवतील अशा. किरकोळ रजा, अर्जित रजा, अर्धवेतनी रजा आणि परिवर्तित रजा. या शेवटच्या रजेचा हिशेब मला फार दिवस समजत नव्हता. डॉक्टरांचा दाखला जोडून एक दिवस पूर्ण पगारावर आजारी पडावे, की खात्यातले अर्ध्या पगाराचे दोन दिवस वजा होतात. म्हणजे पुरते आजारी पडणे अर्धेमुर्धे पडण्याच्या बरोबर दुप्पट महाग. शिवाय ‘असाधारण रजा’ म्हणून एक आहे. नाव ऐकून कोणाला वाटेल की भाग्यवंतालाच मिळत असेल. तर तिचा असाधारणपणा इतकाच की तिला पगार नसतो.

या साऱ्या डामडौलात सर्वांत किरकोळ वाटणारी ओळ म्हणजे पहिली. ‘प्रति’ असे लिहायचे, आणि खाली ज्याला अर्ज करायचा त्याचा हुद्दा. मायना म्हणतात तो हाच. वर्गात मी मुलांकडून तो पाच-पाच वेळा गिरवून घेत असे. पण तो कशासाठी असतो हे मला स्वतःला आमच्या शेजारच्या दोन भावांनी शिकवले.

चौदा-पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. थोरला मुंबई महापालिकेत तानसा तलावाच्या कामावर होता. बाहेरच्या वाचकाला हे ऐकून नवल वाटेल की मुंबई कोठे आणि शहापूर तालुक्यातले तानसा कोठे. पण तानशाचे पाणी १८९२ साली मुंबईच्या नळाला गेले, आणि तेव्हापासून आमच्या तालुक्याचा एक तुकडा मुंबईच्याच संसारात आहे. पुढे भातसाही गेली. उन्हाळ्यात ज्या पाड्यांवर टँकर येतो त्यांच्या जवळून मुंबईचे माणूसभर उंचीचे लोखंडी नळ जातात. याबद्दल बोलायला लागलो तर दिवाळी अंकाची पाने पुरायची नाहीत, म्हणून ते राहू द्या. सांगायचे एवढेच की थोरल्याचे काम त्या नळांवर गस्त घालण्याचे, पगार महिन्याचा, आणि नाव मुंबईच्या मस्टरवर.

धाकला मुंबईकडच्या एका शहरात कचऱ्याच्या गाडीवर होता. पहाटेची पहिली कसारा लोकल आसनगावला पकडायची, गाडीबरोबर गल्लोगल्ली फिरायचे, दुपारी डोक्यापासून पायापर्यंत वास घेऊन परतायचे. गाडी ठेकेदाराची, माणसेही ठेकेदाराची. कचरा तेवढा शहराचा.

त्या वर्षी आवणीच्या दिवसांत दोघेही भाऊ एका आठवड्यात आजारी पडले. ताप, डोळे पिवळे, अन्न पाहवेना. शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात दोघांना कावीळ सांगितली आणि महिनाभर विश्रांती. थोरल्याच्या बायकोने निरोप पाठवला, तसा मी कागद घेऊन गेलो. त्याचा अर्ज लिहायला दहा मिनिटे लागली. प्रति अमुक अभियंता, विषय अमुक, सोबत दाखला. अर्ज आटगावहून जाणाऱ्या त्याच्या सोबत्याच्या हाती गेला, रजा मंजूर झाली, आणि थोरला ओटीवर घोंगडी टाकून पडून राहिला.

मग धाकल्याने मान वळवून विचारले, “गुरुजी, माजा पन लिवता का?”

मी नवा कागद घेतला, ‘प्रति’ लिहिले आणि थांबलो. “कोणाच्या नावानं लिहू?” असे मी विचारले, तर त्याने मुकादमाचे नाव सांगितले. आडनाव विचारले, ते त्याला माहीत नव्हते. ठेकेदाराच्या ऑफिसचा पत्ता विचारला. तो म्हणाला, “ऑफिस नाय त्याला. गाडीवरच येतो तो पगाराला.” मग मी म्हटले, नगरपालिकेच्या आरोग्य खात्याला लिहू. त्यावर तो हसला. “ते म्हनतात, तू आमचा मानूसच नाय.”

तरीही मी अर्ज लिहिला. दोन्हीकडे लिहिला. उत्तर कोठूनच आले नाही. चौथ्या दिवशी त्याच्या जागी दुसरा माणूस गाडीवर चढला, आणि पाचव्या दिवसापासून त्या शहराच्या लेखी धाकला कधी तेथे नव्हताच. दोन महिने त्याची चूल थोरल्याच्या पगारावर पेटली. म्हणजे मुंबई महापालिकेने एका माणसाला दिलेली आजारी रजा आमच्या आळीत दोन घरांनी खाल्ली. दोन्ही घरची आवणी बायकांनी आणि पोरांनी उरकली.

रजेला हात लावला की मला त्या कोऱ्या ओळीची आठवण होते, आणि म्हणूनच ही भरपगारी आजारी रजा एखाद्या शहराच्या कारभारात येते तरी कशी, हे शोधायचा मला नाद लागला. नाद म्हणजे निवृत्त शिक्षकाचा. वाचनालयात बसून जुने चाळणे एवढाच.

शोधता शोधता पहिला माणूस भेटला तो ठाण्यातच जन्मलेला, नारायण मेघाजी लोखंडे. जोतीराव फुल्यांचा अनुयायी, ‘दीनबंधु’चा संपादक. गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून देणारा माणूस म्हणून त्यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे; २४ एप्रिल १८९० ला दहा हजार कामगारांची सभा भरली, तीत दोन बायकाही उभ्या राहून बोलल्या, आणि १० जून १८९० ला मालकांनी रविवार मान्य केला. मला मात्र त्यांचा सहा वर्षे आधीचा कागद जास्त मोलाचा वाटतो. १८८४ साली साडेपाच हजार कामगारांच्या सह्या घेऊन त्यांनी फॅक्टरी कमिशनपुढे एक अर्ज ठेवला. त्यात सुट्टी आहे, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती आहे, पगार महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत व्हावा हेही आहे. आणि पुढे असे आहे की कामावर जखमी झालेल्या कामगाराला तो बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि जन्माचे अपंगत्व आले तर त्याच्या पोटाची सोय व्हावी. जर्मनीत बिस्मार्कने आजारपणाच्या विम्याचा कायदा केला तो १८८३ चा. म्हणजे बर्लिनमध्ये जे राजाच्या प्रधानाला सुचले ते वर्षभरात मुंबईत एका हेडक्लार्कने मागितले. मिळाले नाही, ही गोष्ट वेगळी. पण अर्ज कसा लिहावा याचा तो धडा आहे, आणि आमच्या बालभारतीत तो असायला हवा होता.

त्याच सुमारास मुंबईचा १८८८ चा महापालिका कायदा झाला. फेरोजशहा मेहतांचा त्यात मोठा हात. नोकरांच्या रजेचे आणि रजेतल्या पगाराचे नियम करण्याचे काम त्या कायद्याने स्थायी समितीकडे सोपवले. आजारी माणसाच्या पगाराचा प्रश्न अशा रीतीने डॉक्टराकडून उठून टेबलाभोवती बसलेल्या नगरसेवकांकडे आला. तेथे तो कसा चालतो हे ज्याने एकदाही सभा पाहिली असेल त्याला ठाऊक आहे. कोणी सूचक होतो, कोणी अनुमोदक होतो, मग ‘आर्थिक भार’ हा शब्द निघतो, आणि भार म्हटल्यावर सगळ्यांच्या खांद्याला कळ येते. आजारी माणूस कामावर आला तर त्याचा भार कोणावर पडतो, याचा आकडा टिप्पणीत नसतो.

त्या भाराचे माप मुंबईला एकदाच नीट कळले, आणि ते प्लेगने कळवले. १८९६ साली साथ आली. रोग्यांना सक्तीने इस्पितळात नेण्याचे, घरे रिकामी करण्याचे कडक हुकूम सुटले. तेव्हा मैला उचलणारे हलालखोर आणि रस्ते झाडणारे बिगारी शहर सोडून जातील अशी हूल उठली. ज्यांच्या रजेचा विचार कोणी केला नव्हता ते सगळेच एकदम रजेवर निघाले तर काय होईल, या विचाराने कमिशनर स्नो यांच्या तोंडचे पाणी पळाले, आणि हुकूम सैल करण्यात आले. लाटसाहेबाला न जुमानणारे शहर झाडूवाल्यापुढे वाकले ते असे. लोखंडे त्याच साथीत, रोग्यांची सेवा करता करता, १८९७ मध्ये वारले.

भीती गेली की आठवणही जाते. पुढचे पाऊल पडायला तीस वर्षे लागली. १९२८ साली मुंबईच्या कायदे मंडळात बाळंतपणाच्या रजेचे बिल आले, त्याला डॉ. आंबेडकरांनी पाठिंबा दिला, आणि १९२९ मध्ये कायदा झाला. गिरणीत काम करणाऱ्या बाईला काम न करता पैसे द्यावेत, हे आपल्या इलाख्यात पहिल्यांदा कागदावर आले. मग प्रा. बी. पी. आडारकरांचा १९४४ चा आजार-विम्याचा अहवाल, त्यावरून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा, आणि ऑक्टोबर १९५४ मध्ये मुंबईत ती योजना सुरू. कामगाराने थोडे द्यावे, मालकाने जास्त द्यावे, आणि आजारात त्या पेटीतून निघावे. पुढे या योजनेत आजारी कामगाराला पगाराच्या ७० टक्के, वर्षाकाठी ९१ दिवसांपर्यंत, असा नियम झाला. पहिल्या दोन दिवसांचा आजार मात्र ज्याचा त्याने सोसावा! नियम करणाऱ्यांना बहुधा तिसऱ्या दिवशीच ताप येत असावा.

इतके सगळे कायदे होऊनही आमचा धाकला कोऱ्या ओळीपाशी का अडकला? तर कायदे माणसाला लागू होत नाहीत, ते यादीला लागू होतात. आणि शहरांनी यादीच लहान करण्याची युक्ती शोधली होती. १९७० च्या ठेका-कामगार कायद्याची मर्यादा वीस माणसांची होती. मग वीसाच्या आत बसतील असे ठेके पाडायचे. कामगाराला कामगार म्हणायचे नाही, स्वयंसेवक म्हणायचे. पगाराला पगार म्हणायचे नाही, मानधन म्हणायचे. मराठी भाषेची अशी सेवा करणाऱ्यांची नोंद आपल्या साहित्य संमेलनांनी घ्यायला हवी. स्वयंसेवकाला कसली आली आहे रजा? त्याने आपखुशीने कचरा उचलला, आपखुशीने आजारी पडला.

या युक्तीशी मुंबईत जी झुंज झाली ती कचरा वाहतूक श्रमिक संघाची. मिलिंद रानडे हे त्यांचे पुढारी. ही माणसे ठेकेदाराची नसून महापालिकेचीच आहेत, त्यांच्या मधला ठेकेदार हा नावापुरता आहे, एवढे सिद्ध करायला वर्षानुवर्षे गेली. २०१४ साली औद्योगिक न्यायाधिकरणाने २,७०० कामगारांना कायम करा असा निवाडा दिला. महापालिका उच्च न्यायालयात गेली. तेथे २०१६ च्या डिसेंबरात निवाडा कायम राहिला. मग सर्वोच्च न्यायालय. तेथेही एप्रिल २०१७ मध्ये कामगार जिंकले. पगार वाढला ही बातमी झाली. माझे लक्ष गेले ते दुसरीकडे. त्या दिवशी २,७०० माणसांना आजारी पडण्याचा हक्क मिळाला. कोणत्या सभेत त्याचा ठराव झाला नाही, सूचक नाही की अनुमोदक नाही. रजेचे नियम होतेच, जुने, धूळ खात पडलेले. फक्त ते ज्यांना लागू व्हायचे त्यांची नावे मस्टरवर नव्हती.

आणि त्यातही गंमत पाहा. निकालानंतर पुष्कळांचे काम अडून राहिले, कारण यादीतले नाव आणि कागदपत्रांवरचे नाव जुळेना. कोठे वेलांटी, कोठे वडिलांचे नाव, कोठे आडनाव. रस्ता झाडताना कोणी त्यांना वेलांटी विचारली नव्हती.

परदेशात काही निराळे चालते का म्हणून पाहिले. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को या शहरात २००६ च्या नोव्हेंबरात हा प्रश्न थेट मतपेटीत टाकला गेला आणि मतदारांनी कौल दिला. २००७ च्या फेब्रुवारीपासून नियम सुरू झाला. तीस तास काम केले की एक तासाची भरपगारी आजारी रजा खात्यावर जमा. ही रजा नगरपालिकेच्या नोकरांपुरती नाही. शहरात कोठेही, खानावळीत बशा विसळणाऱ्यालासुद्धा. आपल्याकडे खासगी मालकावर असा नियम घालणे हे नगरपालिकेच्या हातचे नाही, ते राज्य आणि केंद्राचे काम. पण मला त्या तीस तासांचे फार कौतुक वाटले. तेथे तू कोणाचा माणूस, असे विचारत नाहीत. किती तास राबलास एवढेच विचारतात.

मुरबाडला असताना हा प्रश्न मी कोणाला विचारला असता तर लोक हसले असते. दिवाळी उरकली की कातकरी कुटुंबे बयाणा घेऊन वीटभट्टीवर निघत. वर्गातली निम्मी मुले त्यांच्याबरोबर जात आणि माझ्या हजेरीपटावर पावसाळ्यापर्यंत गैरहजेरीच्या रेघा पडत. तेथे मजुरी हजार विटांवर. ताप आला तर वीट पडत नाही, वीट पडली नाही तर बयाणा फिटत नाही. भट्टीवर आजाराचा पगार मिळत नाही, उलट आजार कर्जात लिहिला जातो. एका बाईला मी विचारले होते, बाळंतपणाला किती दिवस घरी राहिलीस? तिने बोटे मोडून सांगितले, “आठ.” वर म्हणाली, “मुकादम बरा हाय, काय बोलला नाय.” त्या माणसाच्या न बोलण्याला ती रजा समजत होती.

थोरला आता सेवानिवृत्त झाला, निवृत्तिवेतन घेतो. धाकला पुन्हा कचऱ्याच्या गाडीवर गेला नाही. आसनगाव स्टेशनाबाहेर रिक्षा चालवतो. ताप आला की रिक्षा दारात उभी राहते आणि हप्ता चालू राहतो. त्याबद्दल कधी तक्रार करत नाही. तक्रार करायला समोर कोणी लागतो.

आता शहापूर आणि मुरबाड, दोन्हीकडे नगरपंचायती आल्या आहेत. आमच्या भागात सकाळी घंटागाडी येते, तिच्यामागे दोन बायका असतात. त्यांतली एक माझी जुनी विद्यार्थिनी निघाली; चौथीत कविता म्हणायची, गणितात कच्ची. गेल्या पावसाळ्यात ती संध्याकाळी घरी आली. पोट काढून टाकायचे ऑपरेशन ठरले होते म्हणाली, म्हणजे गर्भाशयाचे. डॉक्टरांनी सहा आठवडे उचल-ठेव करू नको असे बजावले होते. अर्ज हवा होता. मी चष्मा लावला, ‘प्रति’ लिहिले आणि सवयीने थांबलो. तिने मला थांबू दिले नाही.

“ठेकेदाराचं नाव घाला गुरुजी, पत्ता हा घ्या.” तिने पदराच्या गाठीतून चुरगळलेली पावती काढली. “आणि खाली, प्रत माहितीसाठी, मुख्याधिकारी. त्यांची पोच मी घेणार हाय, शिक्का मारून. मूळ मालक तेच ना?”

हे तिला कोणी शिकवले ते मी विचारले नाही. मी तरी शिकवले नव्हते. अर्ज लिहून झाल्यावर तिने तो हातात घेतला, ओठ हलवत सगळा वाचला, आणि पिशवीतून आधार कार्ड काढून माझ्यासमोर ठेवले.

“गुरुजी, नाव ह्याच्यावर हाय तसंच पायजे. तुमी वेलांटी दुसरी दिली की.”

मी नवा कागद घेतला.